चार नंबरची जागा

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना राहून गेलेले दोन-तीन आकडे लिहिताना घातले आहेत.)



समितीने मला सांगितलं होतं की सर, तुम्ही सोसायटीच्या पंचवीस वर्षांच्या वाटचालीवर बोला. मी म्हटलं, वाटचालीवर अध्यक्ष बोलणारच आहेत, त्यांच्याजवळ फोटोही आहेत. मला पार्किंगवर बोलू द्या. सचिव जरा दचकले. काहून की आपल्याकडे पार्किंग हा शब्द निघाला की साडेदहाला संपणारी सभा दीडला संपते, आणि त्यानंतर आठ दिवस जिन्यात लोक एकमेकांना पाहून न पाहिल्यासारखं करतात. पण मी त्यांना शब्द दिला की आज भांडण होणार नाही. झालंच तर ते माझं माझ्याशी होईल.

विषय निघाला तो आमच्या मुलीच्या फोनवरून. ती अमेरिकेत सिएटलला असते हे तुम्हा बहुतेकांना माहीत आहे, दर उन्हाळ्यात येऊन ती इथल्याच गच्चीवर पापड वाळवते. दिवाळीनंतर त्यांनी घर बदललं. नव्या इमारतीत मोकळं पार्किंग भाड्यातच आहे, छताखालची जागा हवी तर महिन्याला वेगळे डॉलर. तिने विचारलं, "बाबा, घेऊ का? इथले लोक म्हणतात गरज नाही. आई म्हणते घे." आता आईने घे म्हटल्यावर मला विचारण्याचं कारण नव्हतं, पण बँकेत चौतीस वर्षं काढलेला माणूस, खर्चाचा प्रश्न आला की कागद-पेन घेतल्याशिवाय राहवत नाही. मी तिला म्हटलं, दोन दिवस दे.

मी आधी तिथलं हवामान पाहिलं. मला गंमत वाटली ती अशी, की सिएटलचा वर्षाचा पाऊस आणि आपल्या यवतमाळचा पाऊस जवळजवळ सारखा आहे, दोन्हीकडे साधारण नऊशे ते हजार मिलिमीटरच्या घरात. पण आपला पाऊस जून ते सप्टेंबरात येतो, धो धो कोसळतो आणि जातो. तिथला पाऊस हिवाळ्यात येतो आणि वर्षातले दीडशेच्या आसपास दिवस टिपटिपत राहतो. आपण ज्याला झडी म्हणतो ना, तशी झडी, पण चार महिने. थंडीही बेताची. पारा शून्याच्या थोडा वरच असतो, बर्फ एखाद-दोन वेळा. म्हणजे मवाळ, ओला हिवाळा.

अशा हिवाळ्यात गाडीला छत लागतं का? मी जे वाचलं, आणि आपल्या आर्णी रोडवरच्या गॅरेजवाल्याशी जे बोललो, त्यावरून सांगतो: गाडीला लागत नाही. पावसाने गाडी खराब होते हा आपला जुना समज आहे, फियाट आणि अँबॅसिडरच्या काळातला. तेव्हा पत्र्याला गंज धरायचा, दाराच्या खालच्या कडा भोकं पडून जायच्या. आताच्या गाड्यांच्या पत्र्याला जस्ताचा मुलामा असतो, वर रंगाचे तीन-चार थर असतात. नुसत्या पाण्यापेक्षा मिठाने गंज फार लवकर चढतो. म्हणून मुंबई-रत्नागिरीकडे समुद्राच्या हवेने गाड्या गंजतात, आणि बर्फाच्या मुलखात रस्त्यावर मीठ टाकतात तिथे गंजतात. पावसाचं पाणी तर गाडी धुऊनच देतं. फार तर काचेच्या रबरात शेवाळ धरेल, आणि पानं अडकून काचेखालची पाण्याची वाट तुंबली तर पाणी आत उतरेल. ती पानं महिन्यातून एकदा हाताने काढायची, त्याला भाडं लागत नाही.

आता हेच आपल्या गावाला लावून पाहा. आपला हिवाळा कोरडा. डिसेंबर-जानेवारीत कधी अवकाळी पाऊस येतो, दोन दिवस ढग राहतात, गाडीवर चिखलाचे ठिपके पडतात, बस. त्यासाठी कोणी छप्पर बांधणार नाही. आपला खरा शत्रू ऊन. यवतमाळ समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंच, म्हणून अकोला-चंद्रपूरपेक्षा आपल्याला थोडं बरं असं आपण पाहुण्यांना सांगतो. पण नवतपा लागला की ते सांगायला पाहुणाही घराबाहेर निघत नाही. बाहेर ४३-४४ अंश असताना उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत तासाभरात ६० अंशांच्या वर पारा जातो. डॅशबोर्ड त्याहून तापतो. रंगाचा वरचा थर उन्हाने पांढुरका पडतो, वायपरचं रबर लाकडासारखं होतं, आणि बॅटरी! लोकांना वाटतं बॅटरी थंडीत मरते. थंडीत ती फक्त उघडकीस येते हो, मरते ती उन्हाळ्यातच. आपल्या सोसायटीत डिसेंबरात सकाळी ज्या गाड्यांना धक्का मारावा लागतो त्या आठवून पाहा, सगळ्या मोकळ्या जागेतल्या.

दुसरा शत्रू गारा. २०१४ च्या फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये राज्यभर जी गारपीट झाली, ती विसरता येत नाही. त्या दिवसांत आपल्या कंपाउंडमध्येही लोक गाड्यांच्या टपावरचे खळगे मोजत होते. मीही मोजले, दुसऱ्याच्या गाडीचे, काहून की माझी स्टिल्टखाली होती. कोणाचा विमा फक्त थर्ड पार्टी होता, त्याला काही मिळालं नाही. ज्यांचा आपण फर्स्ट पार्टी म्हणतो तो होता, त्यांना गारांचं नुकसान मिळालं. त्याच वेळी आपला तेव्हाचा चौकीदार तीन दिवसांची सुट्टी मागत होता. त्याच्या भावाचा दारव्हा तालुक्यातला गहू झोपला होता, हरभऱ्याचे घाटे मातीत गेले होते. तो आमच्या गर्दीच्या कडेला उभा राहून खळग्यांचा हिशेब ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मी आयुष्यभर पीककर्जाच्या फायली पाहिल्या आहेत, तो चेहरा मला ओळखता यायला पाहिजे होता. तेव्हा नाही आला. असो, सुट्टी आपण दिली, पगार मात्र कापला. वहीत नोंद आहे, कोणालाही पाहता येईल.

छताखाली सगळं सुरक्षित, असंही नाही. उंदीर पहा. उघड्यावरच्या गाडीच्या वायरी उंदराने कुरतडल्या असं मी क्वचित ऐकलं. स्टिल्टखालच्या गाड्यांच्या मात्र दरवर्षी दोन-तीन. अंधार, ऊब, आणि शेजारी कचऱ्याचा डबा, त्यांना अजून काय पाहिजे? आणि २०२३ चा जुलै. २१-२२ तारखेच्या त्या पावसात महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्यावर अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली होती. आपल्याकडे त्या पहाटे काय झालं? स्टिल्ट रस्त्यापेक्षा वीतभर खाली आहे, बिल्डरने उतार उलटा दिलेला. छताखालच्या गाड्यांत पायाशी पाणी, आणि कंपाउंडच्या भिंतीकडच्या उघड्या गाड्या खणखणीत कोरड्या. त्या दिवशी आमच्यापैकी एकाने पाण्यातच चावी फिरवली. तरुण मंडळींनी हे लक्षात ठेवावं: पाण्यात उभ्या गाडीची चावी फिरवायची नाही. पाणी इंजिनात ओढलं जातं, आणि ते नुकसान साध्या पॉलिसीत बहुधा धरत नाहीत, त्यासाठी इंजिनाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. आधी टोइंगवाल्याला फोन, मग विमा कंपनीला.

तर हे सगळं दोन दिवसांत जमवून मी मुलीला फोन केला. म्हटलं, पैसे वाचव, तुमच्या हवेत गाडीला छताची गरज नाही. ती म्हणाली, "बाबा, गाडीचं मला माहीत आहे. मी वेगळंच विचारत होते. बाळाला सीटवर बसवून पट्टे लावायला पाच मिनिटं लागतात. तेवढा वेळ मी दार उघडं ठेवून पावसात उभी असते. रोज दोनदा. तो भिजतो, रडतो, माझी पाठ भिजते, आणि तशीच मी ऑफिसात जाऊन बसते."

मी म्हटलं, "मग घे. आजच घे." सगळा हिशेब बाजूला ठेवून. दीड मिनिटसुद्धा लागलं नाही.

फोन ठेवला आणि गॅलरीत आलो. समोर बी विंगच्या भिंतीशी ती जागा दिसते, जिथे आता कोणाची तरी पांढरी गाडी असते आणि पूर्वी गुरुजींची मारुती आठशे असायची. तिथून पुढे मला दोन रात्री झोप नीट लागली नाही.

आता मूळ गोष्टीवर येतो. नव्या कुटुंबांना माहिती नसेल म्हणून थोडं मागे जातो. आपली सोसायटी २००० साली नोंदली गेली. ३२ ब्लॉक, दोन विंग, स्टिल्टमध्ये १४ जागा. त्या वर्षी सगळ्या मिळून गाड्या होत्या चार. बाकी स्कूटरी, एक राजदूत, आणि सायकली. स्टिल्टमध्ये पोरं क्रिकेट खेळायची, मार्गशीर्षातल्या गुरुवारांचं हळदीकुंकू तिथेच व्हायचं, दोन लग्नांच्या पंगती तिथे उठल्या. आज गाड्या २९ आहेत, आणि दुचाक्या मोजायचं मी सोडून दिलं आहे.

त्या चौदा जागांपैकी काही जागा बिल्डरने ब्लॉक विकताना वेगळे पैसे घेऊन 'दिल्या'. मी १९९९ साली २०,००० रुपये देऊन चार नंबरची जागा घेतली. बी विंगच्या जिन्याला अगदी लागून, सगळ्यात चांगली. पावती लेटरहेडवर, रेव्हेन्यू स्टॅम्पसह. मी बँकेतला माणूस. कागद हातात असला की मला झोप चांगली लागते. तेव्हा माझ्याकडे गाडी नव्हती. २००३ ला घेतली. चार वर्षं माझी रिकामी जागा मी साखळी लावून राखली. पोरांचा चेंडू तिकडे गेला तर मी वरून ओरडायचो. आज मागच्या रांगेत काही बाप बसले आहेत, ते तेव्हाचे ती पोरं. ते हसून राहिले आहेत, म्हणजे आठवतं त्यांना.

मग २०१० साल आलं. मुंबईत दहिसरला पांचाली नावाची एक हाऊसिंग सोसायटी आहे. तिचा आणि बिल्डरचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला: नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी. ३१ ऑगस्ट २०१० ला न्यायमूर्ती लोढा यांनी निकाल दिला. थोडक्यात सांगायचं तर, १९६३ च्या आपल्या मोफा कायद्याखाली स्टिल्टमधली जागा म्हणजे गॅरेज नव्हे, ती स्वतंत्र विकण्याचा बिल्डरला हक्क नाही, ती इमारतीची सामाईक जागा आहे. उघड्या पार्किंगचंही तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर मी ती बातमी वाचली. दोनदा वाचली. मला कायद्याची भाषा कळते. माझ्या कपाटातल्या पावतीचा अर्थ काय उरला हे मला त्या क्षणी कळलं. मी पेपर घडी करून रद्दीत ठेवला, आणि आमच्या सौ.लाही काही बोललो नाही.

त्याच्या आधी पाच वर्षं मी खजिनदार होतो. आदर्श उपविधीची प्रत माझ्याच टेबलावर असायची. त्यात लिहिलेलं आहे की पार्किंगच्या जागा समिती वाटून देते, सभासदाला ती विकता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, आणि गाड्या जास्त, जागा कमी झाल्या तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकायच्या. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. (रेरा आल्यापासूनच्या नव्या इमारतींत नियम वेगळे आहेत. तिथे उघडी जागा विकता येत नाही, पण छताखालची जागा करारात नीट नोंदवून विकतात. २०२४ पासून तर महारेराने तिची लांबी-रुंदी-उंचीसुद्धा करारात लिहायला लावली आहे. मुलांसाठी ब्लॉक पाहत असाल तर ते तपासा. आपली इमारत मात्र जुन्या कायद्यातली.)

२०१५ च्या एप्रिलमध्ये गुरुजी माझ्याकडे आले. ते तेव्हा बी विंगमध्ये पहिल्या मजल्यावर राहत, आजही राहतात. वहिनींचं डायलिसिस नुकतंच सुरू झालं होतं, आठवड्यातून दोनदा, आणि वेळ मिळाली होती दुपारची. गुरुजी दारातच उभे राहिले. म्हणाले, "साहेब, मी जागा कायमची मागून नाही राहिलो. हिचं जरा बरं होईपर्यंत. तुमची गाडी माझ्या जागेवर लावा, मी तिच्यावर कव्हर टाकून देतो."

मी त्यांना आत बोलावलं, पाणी दिलं, आणि कपाटातून पावती काढून दाखवली. खरंच दाखवली. म्हटलं, गुरुजी, ही जागा माझ्या मालकीची आहे, आज तुम्हाला दिली तर उद्या दुसरा मागेल, पायंडा पडतो. पायंडा हा आमचा बँकेतला आवडता शब्द. गुरुजींनी चष्मा पुसून पावती वाचली, मला परत दिली, आणि "बरोबर आहे" म्हणून निघून गेले. पुन्हा कधीही त्यांनी विषय काढला नाही. गणपतीत प्रसाद द्यायला ते तसेच यायचे.

त्या मे महिन्यात आणि पुढच्या मे महिन्यात मी जे पाहिलं ते सांगतो, आणि मग हा भाग संपवतो. डायलिसिसच्या दिवशी बारा वाजता निघायचं असलं की गुरुजी साडेअकराला खाली यायचे. हातात बादली. मारुतीची चारही दारं उघडायचे, बादलीत भिजवलेली चादर मागच्या सीटवर अंथरायचे, स्टीअरिंगवर ओला पंचा टाकायचे, आणि भिंतीच्या तेवढ्याशा सावलीत उभे राहायचे. वीस मिनिटांनी चादर काढायचे, पिळायचे, पुन्हा अंथरायचे. त्या गाडीला एसी नव्हता. मग गाडी जिन्यापाशी आणायची आणि वहिनींना हाताला धरून बसवायचं. ज्या जिन्यापाशी ते गाडी आणायचे तिथेच, हाताच्या अंतरावर, चार नंबरमध्ये माझी गाडी गारेगार उभी असायची. मी ती रविवारी भाजीला न्यायचो. हे सगळं मी गॅलरीतून, कूलरच्या खिडकीशेजारी उभा राहून पाहायचो, आणि मनात म्हणायचो की कागद माझ्याकडे आहे. २०१७ च्या दिवाळीनंतर वहिनी गेल्या.

माझी जागा मिळाली असती तर त्या वाचल्या असत्या असं कोणी म्हणणार नाही, डॉक्टर तर नाहीच नाही. आठवड्यातून दोन दुपारी त्यांना तापलेल्या सीटवर बसावं लागलं नसतं, एवढंच. एवढंच माझ्या हातात होतं.

हे सर्वांसमोर सांगू का, असं मी काल गुरुजींना जाऊन विचारलं. ते दुसऱ्या रांगेत बसले आहेत. ते म्हणाले, "सांगा साहेब, पण लांबवू नका. जेवण थंड होते."

तर लांबवत नाही, पण समितीच्या प्रस्तावाबद्दल दोन शब्द बोलायलाच पाहिजेत, पुढच्या महिन्यात तो सर्वसाधारण सभेपुढे येणार आहे. प्रस्ताव असा की उरलेल्या सगळ्या मोकळ्या जागेवर टिनाचं शेड टाकायचं, म्हणजे भांडणच मिटलं. प्रत्येक ब्लॉकमागे २२,००० रुपये. माझं मत विरोधाचं आहे, पण पूर्ण विरोधाचं नाही.

विरोध का? एक तर बाजूची मोकळी जागा आग लागल्यावर बंब यावा म्हणून सोडलेली असते, तिच्यावर नगरपरिषदेला न विचारता काही बांधता येत नाही. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागात एकत्रित बांधकाम नियमावली लागू आहे. आर्किटेक्टला घेऊन आधी ती पाहावी, मग वर्गणी मागावी. दुसरं, मे महिन्यातला आपला वारा. नुसत्या नट-बोल्टवर बसवलेला पत्रा वादळात उडाला तर तो गाडीपेक्षा माणसाला महाग पडेल. तिसरं, शेडसाठी ते कडुनिंब तोडावं लागेल. ज्या तीन गाड्या त्याच्याखाली उभ्या राहतात त्यांना फुकटात सावली आहेच. पक्ष्यांची घाण पडते हे मान्य, ती लगेच पाण्याने धुवावी, वाळून उन्हात तापली की रंग खाते. पण त्यासाठी पंचवीस वर्षांचं झाड तोडायचं?

मग पूर्ण विरोध का नाही? काहून की दुचाकीवाल्यांचा विचार आपण कधीच केला नाही. पावसात ओल्या सीटवर, उन्हात तापलेल्या सीटवर बसतो तो दुचाकीवाला. गाडीवाला तर काच चढवून घेतो. सकाळी सहाला ड्यूटीवर जाणाऱ्या आपल्या नर्सताई, कॉलेजच्या मुली, ट्यूशनला जाणारी पोरं, या सगळ्यांची दुचाकी उघड्यावर. आणि आता पाच-सहा विजेच्या स्कूटर आल्या आहेत. त्या मीटरच्या पेटीशेजारी एक्सटेंशनची वायर ओढून चार्ज होतात. मला रोज रात्री ते पाहून धडकी भरते. उन्हातून आलेली तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये, हे तरी पाळा.

म्हणून मी म्हणतो, मागच्या भिंतीच्या बाजूला, झाड सोडून, परवानगी घेऊन एकच नीट शेड करा, फक्त दुचाक्यांसाठी. छत १०० चौरस मीटरचं धरा. आपल्या नऊशे मिलिमीटर पावसात त्यावर वर्षाला ९०,००० लिटर पाणी पडतं. सांडलवंड सोडून सत्तर हजार तरी बोअरमध्ये सोडता येईल. २०१८ चा उन्हाळा आठवा. निळोणा आटला, चापडोह आटला, आणि आपण टँकरमागे बादल्या घेऊन रात्री दोनला उभे होतो. तेव्हा मला सत्तर हजार लिटर म्हणजे काय ते कळलं. त्याच छतावर सोलरचे पॅनल बसवता येतील. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्राने पीएम सूर्यघर योजना आणली, तिच्यात हाऊसिंग सोसायटीला सामाईक विजेसाठी, चार्जिंगसकट, किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. अर्ज भरायला मी बसतो. फॉर्म भरण्यात माझं आयुष्य गेलं आहे.

आणि चारचाक्यांसाठी उपविधीत लिहिलंय तेच करा. दरवर्षी चिठ्ठ्या टाका. ज्यांच्याजवळ बिल्डरची पावती आहे, त्या माझ्यासारख्यांनी ती आठवण म्हणून जपून ठेवावी. फक्त जिन्याजवळच्या दोन जागा चिठ्ठीत घालू नका. त्या ज्याच्या घरी आजारपण आहे, बाळंतीण आहे, खुर्चीवरचं माणूस आहे, त्याला महिना-दोन महिने, वर्षभर, लागेल तितक्या दिवसांसाठी द्या. कोणी मागायला दारात यायची वाट पाहू नका. समितीनेच जाऊन विचारावं.

चार नंबरची जागा सोसायटीला परत करत असल्याचा अर्ज मी आज सकाळी सचिवांकडे दिला आहे. पोचपावती घेतली, सवय आहे. गुरुजींना ती जागा आता उपयोगाची नाही, त्यांनी गाडी विकून पाच वर्षं झाली. ए विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर जे नवे भाडेकरू आले आहेत, त्यांच्या आजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन संक्रांतीनंतर आहे, असं आमच्या सौ.ने बातमी आणली आहे. समितीने पाहावं. भाडेकरू आहेत म्हणून कोणी हरकत घेईल, तर त्याने आधी माझ्याशी बोलावं.

माझी गाडी मी सकाळीच कडुनिंबाखाली नेऊन लावली. दुपारी जाऊन पाहिलं तर कावळ्यांनी टपावर सह्या करून ठेवल्या होत्या. बादली आणि फडकं आणलं, धुऊन काढलं, दहा मिनिटं लागली. गुरुजी वरून पाहून राहिले होते. त्यांनी खिडकीतून मोठ्याने सांगितलं, "साहेब, आधी पाणी मारा, मग पुसा, नाही तर चरे पडतात."

केटररची टेबलं आज चार नंबरमध्येच मांडली आहेत, तिथे लाइट चांगला आहे. मठ्ठा डावीकडच्या पातेल्यात आहे, उजवीकडचा मुलांसाठी, बिनमिरचीचा. चला.